कंपनीच्या इंजिनाला सुपरचार्जर जोडण्याआधी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीलगत गेली ३१ वर्षे मी मोटारींची इंजिने उतरवून बांधण्याचे काम करतो. सुरुवातीला डिझेल जीप आणि ट्रॅक्टर, नंतर पेट्रोल मोटारी आणि आता संगणकाच्या हुकमतीखाली चालणारी इंजिने, असे हाताखालचे काम बदलत गेले. गाडीवाल्यांच्या तक्रारी मात्र त्याच राहिल्या. गाडी घाटात उठत नाही, पिकअप गेला, ऑईल खाते, धूर मारते. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "काका, कंपनीच्या इंजिनाला सुपरचार्जर बसवून मिळेल का?" असे विचारणारा एखादा तरुण महिन्याकाठी दारात उभा राहतोच. इतके दिवस मी 'नाही' एवढेच उत्तर देऊन त्यांना परत पाठवत आलो. ते माझे चुकले, असे मला आता वाटते. कारण नुसता नकार ऐकून ही मुले थांबत नाहीत, ती दुसऱ्या दारात जातात, आणि तिथे 'होय' म्हणणाऱ्याला सगळे ठाऊक असतेच असे नाही. 'नाही' का म्हणत होतो, हे त्यांना नीट सांगावे म्हणून आपल्या पत्रातून थोडी जागा मागत आहे.

इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप आहे. पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरते, तेवढ्याच मापाचे पेट्रोल त्यात जळू शकते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते, हवा मात्र बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने आत येईल तेवढीच येते. सुपरचार्जर हा हवा दाबून आत लोटणारा कॉम्प्रेसर होय आणि तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून पट्ट्याने फिरतो. टर्बो एक्झॉस्टच्या झोतावर फिरतो आणि सुपरचार्जर पट्ट्यावर, एवढाच फरक मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या ब्लोअरचे पेटंट घेतले तो मोटारीसाठी नव्हताच, कारण मोटार तेव्हा जन्माला यायची होती. पण एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन फुगीर पात्यांची त्यांची ती रचना आजही सुपरचार्जरमध्ये वापरली जाते. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये इंजिनात दाबलेली हवा भरण्याचे पेटंट घेतले आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने अशा मोटारी विक्रीसाठी मांडल्या.

या मुलांची ओढ मला समजते आणि तिला मी खूळ म्हणणार नाही. आपला जिल्हा घाटांचा आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, आणि दर हजार मीटर चढाईला साध्या इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ होते. म्हणजे मुंबईत ८२ अश्वशक्ती देणारी गाडी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचेपर्यंत दहा-अकरा अश्वशक्ती गमावून बसलेली असते. चार माणसे, सामान आणि एसी घेऊन पसरणी घाट चढताना दुसऱ्या गिअरच्या वर न जाणारी गाडी ज्याने चालवली आहे, त्याला 'हवा विरळ' या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सुपरचार्जरने खरे नाव कमावले तेही उंचीवरच. दुसऱ्या महायुद्धातील रोल्स-रॉईसच्या मर्लिन विमान-इंजिनांची उंचावरील ताकद त्यांच्या सुपरचार्जरवरच टिकून होती. मात्र ठरावीक पुलीवर फिरणारा सुपरचार्जर बाहेरच्या हवेला ठरावीक पटीनेच दाबतो, त्यामुळे मुळातली हवा विरळ झाली की त्याने दिलेली हवाही त्याच प्रमाणात कमी होते. मर्लिनला त्यासाठी दोन वेगांचे गिअर आणि पुढे दोन टप्प्यांचे सुपरचार्जर द्यावे लागले. मोटारीला जोडलेल्या एका पुलीकडून घाटातला तोटा पुरता भरून निघेल, ही अपेक्षा त्यामुळे अर्धीच खरी आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडतो, कारण 'ताकद दीडपट' हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की ते एकदा कागदावर तपासून पाहिलेच पाहिजेत. १.२ लिटरचे, ८२ अश्वशक्तीचे साधे पेट्रोल इंजिन घेऊ. टायरची हवा आपण ज्या पौंडांत मोजतो त्याच मापाने समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पौंड असतो. त्यावर सुपरचार्जरने सहा पौंड चढवले, तर दाब १.४१ पट झाला. पाहणाऱ्याला वाटते की हवाही ४१ टक्के वाढली. पण सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड तापते, हे लहानपणी सगळ्यांनीच अनुभवलेले आहे. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा फुगते. बाहेर ३५ अंश तापमान असताना, रूट्स पद्धतीच्या यंत्राची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर त्यातून निघणारी हवा ८५ ते ९० अंशांवर जाते आणि सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचे वजन प्रत्यक्षात विसेक टक्क्यांनीच वाढते. त्यातून सुपरचार्जर फिरवायला लागणारी सहा-सात अश्वशक्ती इंजिनाच्या पट्ट्यावरूनच जाते. राहतात दहा-अकरा अश्वशक्ती. त्या टिकवण्यासाठी इग्निशनचे टायमिंग मागे घ्यावे लागते, म्हणजे प्लगची ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, त्यातही थोडी ताकद जाते. हवा थंड करणारा इंटरकूलर चांगला बसवला तर हा हिशेब बराच सुधारतो, आणि म्हणूनच इंटरकूलरशिवाय सुपरचार्जर विकू पाहणाऱ्याचे पुढे काही ऐकून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताकदीपेक्षा मला काळजी आहे ती इंजिनाच्या आतल्या भागांची. आजच्या साध्या पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पटीने आवळतो ते प्रमाण, दहास एक किंवा त्याहून थोडे अधिक ठेवलेले असते, कारण आत येणारी हवा वातावरणाच्या दाबाची असणार हे कंपनीने गृहीत धरलेले असते. तीच हवा आधीच दाबून आणि तापवून आत सोडली, तर गॅरेजच्या ढोबळ हिशेबाने ते कॉम्प्रेशन चौदास एक असल्यासारखे होते. अशा वेळी प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत कडेपर्यंत पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण आपोआप भडकते. याला आपण नॉकिंग म्हणतो. डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येतो. सायलेन्सर मोठ्या आवाजाचा असेल आणि गाणी लावलेली असतील, तर तोही कानावर येत नाही. त्या प्रत्येक ठोक्याबरोबर पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगांमधल्या अरुंद कडांवर हातोडा पडत असतो. साध्या गाडीतला ओतीव पिस्टन हलका आणि रोजच्या कामाला उत्तम असतो, पण तो हा मार सोसत नाही.

याबाबत कंपन्या स्वतः काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या मिनी कूपर गाडीत एकाच १.६ लिटर इंजिनाचे दोन प्रकार होते. साध्या प्रकारात कॉम्प्रेशन १०.६ आणि ताकद ११५ अश्वशक्ती होती. सुपरचार्जर असलेल्या प्रकारात कंपनीने कॉम्प्रेशन ८.३ पर्यंत खाली आणले, इंजिनाच्या माथ्यावर इंटरकूलर बसवला आणि मग १६३ अश्वशक्ती घेतली. ज्यांच्याकडे कारखाना, प्रयोगशाळा आणि शेकडो अभियंते होते त्यांनीदेखील साधे इंजिन तसेच ठेवून वर सुपरचार्जर चढवला नाही. त्याहून जुने उदाहरण बेंटले कंपनीचे आहे. डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा आपल्या इंजिनाला सुपरचार्जर जोडण्यास विरोध होता; ताकद हवी तर इंजिन मोठे करा, असे ते मानत. १९३० च्या ले मान्स शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या बेंटले शेवटपर्यंत टिकल्या नाहीत, आणि त्याच कंपनीची मोठ्या इंजिनाची, बिनसुपरचार्जरची स्पीड सिक्स पहिली आली. सुपरचार्जर वाईट असे यातून मी म्हणत नाही. जे इंजिन त्याच्यासाठी बांधलेले नाही, ते आधी त्याच्यासाठी बांधून घ्यावे लागते, एवढे मात्र यातून दिसते.

गेल्या पावसाळ्यानंतर पाटण बाजूचा एक तरुण आपली छोटी पेट्रोल गाडी दुसऱ्या वाहनावर लादून माझ्याकडे घेऊन आला. परदेशी गाडीतून काढलेला वापरलेला सुपरचार्जर एका मोठ्या शहरातील कारागिराकडून त्याने बसवून घेतला होता. लेथवर केलेले ब्रॅकेट आणि पुलीची रेषा पाहून, हे काम करणारा हात कच्चा नाही, हे माझ्या लक्षात आले. त्याचे कौतुकही वाटले. पण त्याने लोखंडाचे काम केले होते, हवा आणि पेट्रोलाचे केले नव्हते. मूळ गाडीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या किंचित वरपर्यंतच वाचू शकत होता. सुपरचार्जरने दाब त्यापुढे नेला तरी सेन्सरचा आकडा जागेवरच थांबे आणि इंजिनाचा संगणक आपल्या समजुतीप्रमाणे साध्या हवेला पुरेल तेवढेच पेट्रोल सोडत राही. जोर लावावा तेव्हा नेमके मिश्रण पातळ पडे. पातळ मिश्रण अधिक तापते, तापले की नॉकिंग वाढते, आणि नॉकिंगने आणखी तापते. तीन आठवड्यांत निकाल लागला. तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटून निघाली होती, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक दाणे चिकटले होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये हेड गॅस्केट जळाले होते आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांवर मार उमटला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याजवळ गेला.

पण तो खर्च मी विसरून गेलो असतो. मला हे पत्र लिहायला लावले ते त्या मुलाने बोलता बोलता सांगितलेल्या एका गोष्टीने. इंजिन जाण्याच्या आठ दिवस आधी कासहून येताना, यवतेश्वरच्या घाटात उतारावर, त्याच्या ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक झाले होते. दोन्ही पाय लावून त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागच्या सीटवर त्याची बहीण आणि तिचे तान्हे मूल होते. मी बॉनेट उघडून पाहिले तेव्हा कारण सापडले. पेट्रोल गाडीतला ब्रेक बूस्टर, म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिनाच्या इनटेकमधल्या निर्वातावर चालतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा, मिटला की त्याच्या इंजिनाकडच्या बाजूला निर्वात तयार होतो आणि तिथून एकमार्गी व्हॉल्व्ह असलेली नळी बूस्टरला जाते. नवीन पाइप बसवताना ती नळी थ्रॉटलच्या अलीकडे, सुपरचार्जरच्या बाजूला जोडली गेली होती, आणि तिथे निर्वात कधी तयारच होत नाही. बूस्टरमध्ये आधीचा साठलेला निर्वात एक-दोन ब्रेक मारेपर्यंतच पुरतो, मग ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागतो. सपाट रस्त्यावर, गावातल्या गावात, कमी वेगात तेवढ्यावर निभावते, सलग उतारावर मात्र कडक पेडलवर तो जोर पुरत नाही. संपादक महोदय, ताकद वाढवण्याच्या सगळ्या चर्चेत या एका नळीचा उल्लेख मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ज्यांनी असे काम आधीच करून घेतले आहे त्यांनी हे पत्र खाली ठेवून प्रथम ती नळी कुठून निघते आणि तिचा एकमार्गी व्हॉल्व्ह शाबूत आहे का, हे पाहून घ्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

एवढे सांगूनही एखाद्याला हे काम करायचेच असेल, तर त्याने उलट्या टोकाकडून सुरुवात करावी. आधी गाडीचे ब्रेक, टायर आणि रेडिएटर पाहावा. मग इंजिन उतरवून कॉम्प्रेशन कमी होईल असे, शक्यतो फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन घालावेत आणि हेडचे बोल्ट नवे घ्यावेत. अधिक दाब वाचणारा सेन्सर, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आणि पंप, थंड जातीचे प्लग आणि संगणकाची नव्याने जुळवणी, ही कामे सुपरचार्जरच्या पट्ट्याइतकीच मूळ कामाचा भाग आहेत, वरचे शोभेचे सामान नव्हे. इंधनाचाही विचार हवा, कारण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला जळायला किलोमागे सुमारे नऊ किलोच हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते आणि मूळचे इंजेक्टर आणखी लवकर अपुरे पडतात. जुळवणी ताकद मोजणाऱ्या डायनामोमीटरवर, मिश्रण मोजणारे यंत्र लावून करावी. महामार्गावर रात्री गाडी पळवून, कानाने अंदाज घेऊन करू नये. खंबाटकीच्या उतारावर आजवर काय काय झाले आहे ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. डिझेल गाड्यांचा प्रश्न फारसा येत नाही, आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बो मूळचाच असतो.

कायद्याची बाजूही या मुलांना कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड भरून माणूस सुटतो, पण न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विमा कंपनीने दावा नाकारला, तर एखादे कुटुंब त्यातून आयुष्यभर वर येत नाही. पीयूसी मिळाली म्हणजे सगळे ठीक आहे, हा आणखी एक गैरसमज. पेट्रोल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीत, भार नसताना होते. भाराखाली इंजिनात काय जळते हे तिच्यात दिसतच नाही.

पण केवळ बंदी सांगून थांबणे मला पटत नाही, कारण दुसरा मार्ग आपल्याकडे आधीच आखलेला आहे. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवायचे असेल, तर त्या मॉडेलसाठी चाचणी संस्थेने मंजूर केलेले किट, अधिकृत बसवणारा आणि आरसी पुस्तकावर नोंद, अशी पद्धत ठरलेली आहे आणि ती सामान्य माणसाच्या अंगवळणी पडली आहे. इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या साधनांसाठीही अशीच मॉडेलवार मंजुरी आणि नोंद असावी, असा प्रस्ताव परिवहन विभागाने विचारात घ्यावा. मोटारींच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. मंजूर किट एकही नसेल तोवर उत्तर 'नाही' हेच असेल, पण ते कागदावर असेल. आज ते प्रत्येक गॅरेजवाल्याच्या मर्जीवर आणि गरजेवर अवलंबून आहे.

दुसरी विनंती कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनांना आहे. १९१० मध्ये जिथे किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर घडले, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने बनली, त्या मुलखातल्या मुलांच्या हाताला लोखंडाची ओढ असणारच. ती दडपण्यात मला काडीचाही आनंद नाही. या संस्थांनी आपल्या इंजिन प्रयोगशाळा महिन्यातून एखादा रविवार आमच्यासारख्या कारागिरांना आणि या मुलांना उघड्या कराव्यात, चाचणीच्या चौथऱ्यावर इंजिन चढवून मिश्रण पातळ झाल्यावर एक्झॉस्टचे तापमान कसे चढते, टायमिंग पुढे-मागे केल्यावर नॉकिंग कुठे सुरू होते, हे डोळ्यांदेखत दाखवावे. माझ्या शंभर नकारांनी जे झाले नाही ते तापमानाच्या एका काट्याने होईल, याची मला खात्री आहे. साधने पोहोचवणे, जुनी इंजिने पुरवणे, हाताखाली उभे राहणे, यांपैकी जे जमेल ते मी विनामूल्य करीन.

त्या तरुणाची गाडी आता मूळ स्वरूपात, नव्या पिस्टनवर चालते आहे. तुटलेला तिसरा पिस्टन त्याच्या परवानगीने मी दुकानात दर्शनी फळीवर ठेवला आहे आणि शेजारी ती ब्रेकची नळीही. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. कुणी विचारल्यास जरूर द्यावा. सोमवार सोडून रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात दुकान उघडे असते, आणि पिस्टन हातात घेऊन पाहता येतो.

आपला नम्र,
इंजिन बांधणी करणारा एक वाचक,
सातारा